ठाणेदाराची बदली ही शिक्षा नव्हे: पोलिसाविरुद्धची तक्रार शेवटापर्यंत कशी न्यावी

"वकीलसाहेब, पोराले दोन राती ठाण्यात ठेवलं, लय मारलं." कापूस वेचणीचे दिवस होते. धुऱ्यापलीकडच्या विहिरीवरचा मोटारपंप चोरीला गेला होता आणि संशयावरून या माणसाच्या मुलाला उचललं होतं. तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. अटक नाही, नोटीस नाही, कुठल्या डायरीत नोंद नाही. अर्ज लिहायचं सोडून हा बाप आधी पुढाऱ्याकडे गेला. महिनाभरात त्या बीट जमादाराची बदली शेजारच्या ठाण्यात झाली आणि गावाला वाटलं, न्याय झाला. पुढच्या पेरणीच्या आधीच त्या दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतून तशीच तक्रार घेऊन दुसरा बाप माझ्याकडे आला. जमादार तोच होता. त्याच्या सेवापुस्तकात पहिल्या प्रकरणाची एक ओळही नव्हती.

तालुका कोर्टात वकिली करताना हे मी वारंवार पाहतो. आपल्याकडे तक्रारीचा शेवट बदलीत होतो. "कंट्रोल रूमला जमा केलं" हे ऐकून लोक गप्प बसतात. पण बदली, नियंत्रण कक्षात संलग्न करणं, इतकंच काय चौकशी होईपर्यंतचं निलंबनसुद्धा, कायद्याने शिक्षा नाही. निलंबित पोलिसाला निर्वाह भत्ता मिळतो आणि चौकशी ढिली पडली की तो पुन्हा कामावर येतो. शिक्षा होते ती विभागीय चौकशीतून किंवा कोर्टातून. तिथपर्यंत जायचं कसं, ते पुढे लिहितो.

आधी तक्रार कशाची आहे ते ठरवा

एकाच अर्जात सगळा राग ओतला की अर्ज कुठल्याच टेबलावर टिकत नाही. पोलीस उर्मट बोलला, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून वाटेला लावलं, तपास मुद्दाम रेंगाळवला, हा कर्तव्यातला कसूर आहे. त्याची जागा पोलीस अधीक्षकांकडे. तक्रार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, असूनही एफआयआर घेतला नाही, तर त्याला वेगळा कायदेशीर रस्ता आहे. पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. मारहाण, डांबून ठेवणं, बाईशी गैरवर्तन हा कसूर तर आहेच, शिवाय फौजदारी गुन्हाही आहे. तिथे दोन्ही रस्ते एकाच वेळी धरायचे असतात. विभागीय चौकशी चालू आहे म्हणून गुन्हा नोंदवता येत नाही, असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे.

पहिले चोवीस तास

मारहाण झाली असेल तर माणूस सुटल्याबरोबर ग्रामीण रुग्णालयात न्या. गावातल्या खाजगी डॉक्टरची मलमपट्टी दुखणं थांबवते, पुरावा देत नाही. तिथे "पोलिसांनी मारलं" असं स्पष्ट सांगा आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे कोर्टाच्या कामाची वैद्यकीय नोंद) म्हणून नोंद करायला लावा. लाठीचा वळ बघितला असेल तर आठवेल: दोन समांतर लाल रेषा आणि मधली कातडी फिकी. पडून किंवा बैलाने ढकलून असा वळ उठत नाही. दोन-तीन दिवसांत तो निळा-काळा होतो, मग हिरवट-पिवळा, आणि नंतर दिसेनासा होतो. म्हणून दिवसाच्या उजेडात, जखमेजवळ पट्टी किंवा नाणं धरून फोटो काढा. चेहरा आणि जखम एकत्र येईल असा एक फोटो हवाच. तळपायावर मारलं असेल तर वळ बहुधा दिसत नाही, सूज येते आणि टाच टेकवत नाही. ते डॉक्टरला दाखवा, लिहून घ्या.

रीतसर अटक झाली असेल तर सर्वात मोलाचा क्षण न्यायदंडाधिकाऱ्यासमोरचा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत तिथे हजर करावंच लागतं. साहेब विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" शेजारी तेच शिपाई उभे असतात आणि पोरगं मान हलवून "नाही" म्हणतं. तिथेच अर्धी केस जाते. घरच्यांनी आधी भेट मिळाली तर एवढंच सांगावं: कोर्टात तोंड उघड, शर्ट वर करून दाखव. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी करणं बंधनकारक आहे आणि त्या अहवालाची प्रत आरोपीला मिळते. ती मागा.

"चौकशीला बोलावलंय" या शब्दाखाली रात्रभर बसवून ठेवण्याला कायद्यात जागा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस लेखी असते. साक्षीदाराला कलम १७९ खाली लेखी बोलवावं लागतं. त्यातही बाईला, साठीपुढच्या माणसाला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला, अपंगाला किंवा गंभीर आजारी माणसाला घर सोडून ठाण्यात बोलावता येत नाही. अटक केली तर अटक पंचनामा, त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष, नातेवाइकाला खबर, हे सगळं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालाने हे घालून दिलं आणि आता ते संहितेतच आहे.

बाईच्या बाबतीत हा नियम का आहे, हे विदर्भाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी लैंगिक अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं, कारण अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरड केली नव्हती. देशभर त्यावर आवाज उठला आणि १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्काराबद्दल कायदा बदलला. म्हणून रात्री बाईला ठाण्यात नेत असतील तर घरच्यांनी सोबत जावं, महिला पोलीस मागावी आणि वेळ लिहून ठेवावी. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी, तिन्ही लागतात.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी करा: सीसीटीव्हीचा अर्ज. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसमोर आणि व्हरांड्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर निदान वर्षभर जपायला सांगितलं आहे. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणेदाराची आहे. अमुक तारखेच्या अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवावं, एवढाच दोन ओळींचा अर्ज एसपी कार्यालयात द्या. "कॅमेरा बंद होता" असं उत्तर आलं तर तेही कागदावर येऊ द्या. पुढे चौकशीत ते कामाला येतं.

अर्ज कसा लिहायचा

इथे मी सावकाश सांगतो, कारण बहुतेक तक्रारी इथेच मरतात. "माझ्या मुलास खूप मारले, तरी साहेबांनी न्याय द्यावा ही विनंती" असा अर्ज वाचून कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. त्याला दोषारोप ठेवायला धरता येईल अशी गोष्ट लागते: कोण, कधी, कुठे, काय केलं, कुणी पाहिलं. त्या दुसऱ्या बापाचा अर्ज आम्ही साधारण असा लिहिला:

"दि. अमुक रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास पोलीस हवालदार, बक्कल नंबर अमुक, व एक साध्या वेशातील इसम मोटरसायकलने आमच्या घरी आले. त्या वेळी मी, माझी पत्नी व शेजारी अमुक हे अंगणात होतो. कोणतीही लेखी नोटीस न देता मुलास घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी डबा घेऊन ठाण्यात गेलो असता मुलगा मागच्या खोलीत जमिनीवर बसलेला दिसला. ठाणे अंमलदाराने डबा घेतला, परंतु मुलास भेटू दिले नाही. त्या वेळी मी ठाण्यासमोरच्या टपरीवरून मुलाच्या मामास फोन केला, त्याची कॉल नोंद सोबत जोडली आहे…"

बघा, यात शिवी नाही, "गुंडगिरी" हा शब्द नाही, पण प्रत्येक ओळ तपासता येते. डबा आणि फोन या दोन साध्या गोष्टींनी मुलगा ठाण्यात होता हे सिद्ध व्हायला लागतं. बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक, वर्दीवर असतो. तो दिसला नाही तर "उंच, डाव्या गालावर व्रण, बीट अमुकचे" असं वर्णन लिहा. नाव माहीत नसल्याने तक्रार अडत नाही. त्या दिवशी कोण ड्युटीवर होतं ते ठाण्याच्या दैनंदिनीत असतं.

विषयाच्या ओळीत मागणी नेमकी ठेवा: "विभागीय चौकशी करून कारवाई करण्याबाबत व गुन्हा नोंदविण्याबाबत." बदली मागू नका. बदली मागितली की तीच देऊन प्रकरण मिटतं. आणि ऐकीव गोष्ट पाहिलेली म्हणून लिहू नका. खोटी माहिती देऊन सरकारी अधिकाराचा वापर करायला लावणं हाही गुन्हा आहे, आणि एक फुगवलेलं वाक्य बाकीची दहा खरी वाक्यं बुडवतं.

कुठे द्यायचा

मूळ अर्ज पोलीस अधीक्षकांच्या नावे. प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याला, म्हणजे एसडीपीओला, आणि परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांना. स्वतः गेलात तर आवक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. सिरोंचाहून गडचिरोलीला जायचं म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास, धारणीहून अमरावतीला जायचं म्हणजे घाट उतरून पूर्ण दिवस. तेव्हा पोस्टानेच पाठवा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. खिडकीवर पोचपावतीसह स्पीड पोस्ट मागा आणि पावती जपा.

एफआयआर नाकारला असेल तर पोस्टाची ही पावती दुप्पट मोलाची. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे आधी माहितीचा सारांश लेखी, टपालाने अधीक्षकांना पाठवावा लागतो. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे शपथपत्रासह अर्ज करता येतो आणि कोर्ट तपासाचा आदेश देऊ शकतं. पावती नसेल तर कोर्ट पहिल्याच तारखेला विचारतं, "एसपींकडे गेला होतात का?" दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणं बंधनकारक आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या ललिता कुमारी निकालाने पक्कं केलं. आता तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, त्यापलीकडे टोलवता येत नाही. "आमची हद्द नाही" हेही कारण चालत नाही, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होतो. बलात्कार, विनयभंग, अॅसिड हल्ला अशा ठरावीक गुन्ह्यांत खबर नोंदवली नाही, तर नाकारणाऱ्या पोलिसालाच भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे. तक्रारदार अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि त्या जाती-जमातींत नसलेल्या पोलिसाने हेतुपुरस्सर टाळाटाळ केली असेल, तर अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ४ अर्जात लिहा.

आत काय घडतं, आणि कुठे फसवणूक होते

अर्ज एसपी कार्यालयातून एसडीपीओकडे जातो, एसडीपीओकडून बहुधा त्याच ठाण्यात. मग एक दिवस ठाण्यातून फोन येतो: "तुमच्या अर्जाची चौकशी आहे, या." माणूस जातो. चहा दिला जातो. जबाब आधीच टाइप केलेला असतो आणि त्याची शेवटची ओळ असते: "माझे समाधान झाले असून माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही." त्याखाली सही किंवा अंगठा झाला की अर्ज निकाली. गेल्या काही वर्षांत किती खऱ्या तक्रारी या एका ओळीत गाडल्या गेल्या, ते मी मोजू शकत नाही.

म्हणून ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार आहे त्या ठाण्यात जबाबाला जाऊ नका. "माझा जबाब एसडीपीओ कार्यालयात किंवा दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर नोंदवावा" असा एका ओळीचा अर्ज त्याच दिवशी एसपींना पाठवा. जबाब देताना सोबत लिहिता-वाचता येणारा माणूस ठेवा. प्रत्येक ओळ वाचून घ्या. न पटणारी ओळ असेल तर खाली स्वतःच्या अक्षरात "वरील मजकूर मान्य नाही" लिहा, मगच सही. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणारा माणूस मराठी जबाबावर अंगठा देतो आणि त्यात काय लिहिलं ते त्याला कळलेलं नसतं. तिथे दुभाषा मागा आणि दुभाष्याची सही त्याच कागदावर घ्या.

प्राथमिक चौकशीत तथ्य निघालं तर कसुरी अहवाल तयार होतो. कसूर किरकोळ असेल तर कारणे दाखवा नोटीस देऊन सक्त ताकीद, दंड किंवा वेतनवाढ रोखणं, एवढ्यावर काम भागतं. गंभीर असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ आणि १९५६ चे पोलीस शिक्षा व अपील नियम यांखाली पूर्ण विभागीय चौकशी लागते. दोषारोपपत्र दिलं जातं, चौकशी अधिकारी नेमला जातो, साक्षीदार बोलावले जातात, पोलिसाला उलटतपासणी आणि बचावाची संधी मिळते. खालच्या पदावर आणणं, सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढून टाकणं आणि बडतर्फी या मोठ्या शिक्षा या वाटेनेच होतात, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ प्रमाणे चौकशीशिवाय सरकारी नोकराला सहसा काढता येत नाही. हे संरक्षण योग्यच आहे. खोट्या तक्रारीत अडकलेला प्रामाणिक शिपाईही मी पाहिला आहे, आणि तो याच नियमांमुळे वाचला.

तक्रारदाराच्या बाजूने एक मोठी गोष्ट: फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, विभागीय चौकशीत शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढं पुरतं. त्यामुळे कोर्टातून सुटलेल्या पोलिसालाही विभागात शिक्षा होऊ शकते. पण साक्षीदार आला पाहिजे. तारीख जिल्ह्याला असते, मजुरी बुडते, एसटीचं तिकीट लागतं, आणि दोनदा तारीख पुढे गेली की माणूस जायचं सोडतो. मग अहवालात लिहिलं जातं, "तक्रारदार गैरहजर, दोषारोप सिद्ध होत नाही." जाता येत नसेल तर कारण लेखी कळवा आणि पुढची तारीख मागा. गावातले साक्षीदार एकत्र न्या.

निकालाविरुद्ध पोलिसाला अपील आहे, तक्रारदाराला विभागात तसं अपील नाही. तुम्ही विशेष पोलीस महानिरीक्षकांकडे दाद मागू शकता किंवा नागपूर खंडपीठात रिट याचिका करू शकता.

खात्याबाहेरची दारं

लाच मागितली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर फोन करा. पैसे देण्याआधी करा, हे महत्त्वाचं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका. आधी पंचांसमोर मागणीची खात्री केली जाते, मग नोटांना फिनॉल्फथॅलिनची पांढरी पूड लावतात. पैसे घेतल्यावर त्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. सापळ्यात गेलेली रक्कम तक्रारदाराला सरकार परत करतं, हे लोकांना माहीत नसतं आणि पाचशेच्या चार नोटांसाठी ते मागे सरतात.

कोठडीतली मारहाण, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणं यासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून ते आणलं. ते स्वतः शिक्षा देत नाही, त्याचा अहवाल शासनाकडे जातो. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येतं, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत. दोन्ही मुंबईला, दोन्हीकडे टपालाने तक्रार चालते.

माहिती अधिकार हे गावातल्या माणसाचं सर्वात स्वस्त हत्यार आहे, दहा रुपयांत. पण "अमुक हवालदाराच्या सर्व शिक्षांची माहिती द्या" असं मागाल तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील, २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने आहे. आपल्या अर्जापुरतं विचारा: माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला कुणी काय कार्यवाही केली, चौकशी अहवालाची प्रत, त्या दिवशीच्या ठाणे दैनंदिनीचा उतारा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, पुढे नागपूर किंवा अमरावतीच्या माहिती आयोग खंडपीठाकडे दुसरं.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, तालुका कोर्टातच असते. बाई, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. फोन १५१००. पोलिसाविरुद्ध कोर्टात जायची मुदत काही बाबतींत अगदी कमी आहे, म्हणून "विभागाचा निकाल लागू दे, मग बघू" म्हणून थांबू नका.

तक्रारीनंतर दबाव येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पोलीस पाटील येतो, तंटामुक्तीचा अध्यक्ष येतो, "मिटवून टाक, उद्या तुलेच काम पडन" म्हणतो. कधी जुगाराच्या, कधी दारूच्या केसची धमकी येते. प्रत्येक धमकीची तारीख, वेळ, माणूस लिहा आणि पहिल्या अर्जाच्या आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन पुरवणी अर्ज पाठवा. उद्या खोटा गुन्हा आलाच तर तो तक्रारीनंतर आला हे त्या कागदावरून दिसतं.

तो दुसरा बाप "समाधान झाले" वर सही न करता एसडीपीओ कार्यालयातून परत आला होता. आता विभागीय चौकशी लागली आहे. परवा तारीख आहे. सकाळच्या पहिल्या एसटीने तो, त्याची बायको आणि शेजारी असे तिघे जाणार आहेत. पिशवीत एमएलसीची प्रत, पोस्टाच्या तीन पावत्या, कॉल नोंदीचा कागद आणि दुपारसाठी भाकरी बांधून घेतली आहे.